गाळाचा हिशेब मागणारा वकील

खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की आम्हा शनिवार पेठेतल्या माणसांची पावले आपोआप ओंकारेश्वराकडे वळतात. हातात छत्री, पायांत जुन्या चपला आणि तोंडी एकच प्रश्न असतो, किती पाणी आले? कोणी पायऱ्या मोजतो, कोणी पुलाच्या खांबावर नजर ठेवतो. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पाणी कुठवर चढले होते, हे जुन्या वाड्यांतली वडीलधारी मंडळी भिंतीवर हात ठेवून दाखवीत असत. त्या खुणा आम्हाला पाठ आहेत. पण नदीचा तळ कुठे आहे, पात्रात किती गाळ साठला आहे, असे तिथे उभ्या असलेल्या शंभर माणसांपैकी एकही विचारत नाही. पाणी दिसते, तळ दिसत नाही. आणि न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल विचारणे आपल्या अंगवळणी नाही.

तळाबद्दल विचारणारा एक माणूस मुंबईत होऊन गेला. त्याचे नाव आपण रोज घेतो, पण माणूस म्हणून नव्हे, पत्ता म्हणून. नरीमन पॉइंटला ऑफिस आहे, वीर नरीमन रस्त्यावर भेटू, असे सहज बोलले जाते. हे नरीमन कोण, त्यांना वीर का म्हणायचे, हे विचारले तर पुष्कळदा उत्तर येत नाही. खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी तलवार कधी हाती धरली नाही. त्यांची पहिली मोठी लढाई झाली ती समुद्रातल्या चिखलावरून.

नरीमन यांचा जन्म १८८३ मध्ये ठाण्याला एका पारशी कुटुंबात झाला. ठाणे म्हणजे खाडीचे गाव. कोणे एके काळी नावाजलेले बंदर, पण मोठी गलबते आणि मोठा व्यापार मुंबईला गेल्यावर मागे पडलेले. ओहोटीला पाणी मागे हटले की खाडीच्या काठाने चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि सहा तासांनी त्यांच्यावर पुन्हा पाणी चढते. बंदर म्हणजे नुसते पाणी नव्हे, पाण्याखाली किती खोली उरली त्यावर त्याचे जगणे-मरणे असते, हे खाडीकाठच्या माणसाला शिकवावे लागत नाही. पुढे नरीमन मुंबईत वकील झाले, महापालिकेत आणि कायदे कौन्सिलात गेले. इंजिनिअरिंगशी त्यांचा संबंध नव्हता. होती ती वकिलाची सवय, कागद मागण्याची.

त्यांनी कोणता कागद मागितला हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबईच्या पश्चिमेला मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामध्ये समुद्राचा जो अर्धगोल आत शिरलेला आहे, तो बॅक बे. हा उथळ समुद्र भरून जमीन करावी ही कल्पना जुनी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडला जाईना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरात बॅक बे बुजवण्यासाठी कंपनी निघाली. जमीन समुद्राखालीच होती, पण तिचे शेअर मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले जाऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्या मागोमाग जुनी बँक ऑफ बॉम्बेही १८६८ मध्ये गेली. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला ही कथा परकी वाटत नाही. तारण न पाहता दिलेले कर्ज म्हणजे काय, ते मुंबईने तेव्हा पाहिले.

पन्नास-पंचावन्न वर्षांनी तोच अर्धगोल पुन्हा कागदावर आला. पहिले महायुद्ध संपले होते, मुंबईत माणसांना राहायला जागा नव्हती आणि जमिनीचे भाव चढे होते. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड हे धडाडीचे गृहस्थ. त्यांनी १९२० मध्ये विकासासाठी स्वतंत्र खाते काढले, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथल्या बीडीडी चाळी आपल्याला माहीत आहेत, त्यांतले बीडीडी ते हेच. या खात्याचे सर्वांत मोठे काम होते बॅक बेमधून ११४५ एकर जमीन काढण्याचे. सर जॉर्ज बुकॅनन या इंजिनिअरने खर्चाचा अंदाज दिला, सुमारे पावणेचार कोटी रुपये.

योजना कागदावर सुबक होती. समुद्रात दगडी भिंत घालायची. कांदिवलीच्या खाणीतून रेल्वेने दगड-मुरूम आणायचा. मधली पोकळी भरायला चिखल लागेल तो मुंबई बंदरातून, म्हणजे शहराच्या दुसऱ्या, पूर्वेच्या बाजूने उपसायचा. त्यासाठी विलायतेहून प्रचंड ड्रेजर आला. त्याला नावही गव्हर्नरांचेच दिले, सर जॉर्ज लॉईड. हा ड्रेजर बंदराचा तळ कापणार, चिखल आणि पाणी एकत्र शोषून घेणार आणि नळांतून शहर ओलांडून बॅक बेमध्ये नेऊन ओतणार. पाणी निथळून समुद्रात जाईल, चिखल खाली बसेल आणि जमीन वर येईल.

आता यात मोजण्यासारखे काय काय आहे, ते पाहू. गाळ उपसायचा असो की भराव घालायचा असो, पहिले काम असते पाण्याची खोली मोजण्याचे. आपल्या किनाऱ्यावर खोली वावांत मोजत. दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जे अंतर होते तो वाव, सुमारे सहा फूट. दोरीला शिशाचे वजन बांधून होडीतून खाली सोडायचे, तळाला टेकले की दोरीवरची खूण वाचायची. शिशाच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरत. वर काढल्यावर चरबीला वाळू चिकटली आहे, चिखल आहे की शिंपल्यांचा चुरा आहे, ते पाहत. काहीच चिकटले नाही तर खाली खडक असण्याचा संभव. एका वजनात दोन उत्तरे मिळत, तळ किती खोल आहे आणि तळ कसला आहे.

अशी एक मोजणी पुरत नाही. बंदरावर काल्पनिक जाळे टाकावे तसे ठरावीक अंतरांवर शेकडो ठिकाणी मोजावे लागते. शिवाय समुद्र एका जागी थांबत नाही. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरांपर्यंत जातो. म्हणून प्रत्येक मोजणीची वेळ लिहायची, त्या वेळी भरती किती होती ते पाहायचे आणि सगळे आकडे एका ठरलेल्या पातळीवर आणायचे. हे नीट केले नाही तर सकाळी मोजलेले बंदर आणि दुपारी मोजलेले बंदर अशी दोन बंदरे कागदावर तयार होतात.

फुटा-दोन फुटांच्या चुकीने काय होते, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहावा. ११४५ एकरांवर खोलीच्या मोजणीत एका फुटाची चूक झाली, तर भराव सुमारे १४ लाख घनमीटरांनी चुकतो. घनमीटरामागे मग पैसे आले, कोळसा आला, दिवस आले. समुद्रातल्या कामाचे अंदाजपत्रक म्हणजे शेवटी त्या दोरीवरच्या खुणांचा गुणाकार असतो.

खोली कळली तरी निम्मेच काम होते. वरचा मऊ गाळ कुठेही शोषला जातो. त्याखाली घट्ट चिकणमाती असेल तर तेच यंत्र धापा टाकते. ती कुठे सुरू होते आणि किती जाड आहे हे ओळंबा सांगू शकत नाही. त्यासाठी तळात छिद्रे घेऊन नमुने काढावे लागतात आणि तेही पुरेशा ठिकाणी. त्यानंतर तिसरी मोजणी. बंदरात जिथून उपसले तिथे खड्डा किती पडला आणि बॅक बेत जिथे ओतले तिथे भर किती पडली. हे दोन आकडे जुळले नाहीत, तर मधला चिखल कुठे गेला ते शोधावे लागते.

बॅक बेमध्ये नेमके हेच बिनसले. ड्रेजरचे काम ठरल्यापेक्षा फार कमी पडू लागले. बंदराचा तळ आणि यंत्राची ताकद यांचे जे गणित आधी मांडले होते, ते प्रत्यक्षात बसेना. जो चिखल नळातून पलीकडे पोचे, तोही सगळा राहीना. भिंतीच्या दगडांच्या फटींतून तो पाण्याबरोबर पुन्हा समुद्रात जाऊ लागला. एका हाताने भरायचे आणि दुसऱ्या हाताने सांडायचे असा प्रकार. मूळ अंदाज मागे पडला आणि खर्चाचा आकडा जवळजवळ दुपटीवर गेला. त्यातच युद्धानंतरची तेजी ओसरली, जमिनीचे भाव उतरले. विकासासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र तेजी-मंदी पाहत नाही.

लोक या योजनेला लॉईडसाहेबांचा खुळेपणा म्हणू लागले. पण थट्टा करणे वेगळे आणि हिशेब मागणे वेगळे. नरीमन त्या वेळी कौन्सिलात स्वराज पक्षाचे सभासद होते. त्यांनी हा विषय धरला आणि सोडला नाही. किती उपसले, किती पोचले, किती राहिले, खर्च किती झाला? सरकारी उत्तरांतले आकडे ते एकमेकांशेजारी ठेवून पाहत. आकडे जुळत नसत. तज्ज्ञांच्या कामात वकिलाने नाक खुपसू नये अशी तेव्हाही समजूत होती. नरीमन यांना तळ कापण्याचे शास्त्र येत नव्हते, हे खरेच. पण बेरीज येत होती आणि तेवढी त्यांना पुरली.

माझ्या नोकरीत मी एक धडा शिकलो, तो इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. गोदामातल्या मालावर कर्ज दिले की अधूनमधून जाऊन पोती मोजायची असतात. समोरच्या थप्पीच्या रांगा मोजून आत किती खोल पोती असतील त्याचा गुणाकार करायचा. एकदा एका अनुभवी शिपायाने मला बाजूला घेतले आणि थप्पीवर चढायला लावले. वरून पाहिले तर मधोमध विहिरीसारखी पोकळी. समोरची बाजू भक्कम, कागद चोख, गुणाकार बरोबर आणि आत हवा. नरीमन कौन्सिलात जे करत होते ते थप्पीवर चढण्याचेच काम होते.

ओरड वाढली आणि १९२६ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली. अलाहाबाद हायकोर्टाचे सरन्यायाधीश सर ग्रिमवूड मिअर्स अध्यक्ष, आणि सभासदांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या वाचकाला त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाण्याची पातळी इंचाइंचाने ओळखणारा हा माणूस आता चिखलाचे कागद तपासायला बसला. समितीने योजनेच्या आखणीतले आणि कामातले दोष पुढे मांडले. मधले चार भाग सोडून द्यावेत आणि दोन्ही टोकांचे चार भाग तेवढे पुरे करावेत, असे ठरले. ११४५ एकरांपैकी सुमारे ४४० एकरच जमीन हाती आली. त्यातले २३५ एकर कुलाब्याकडे लष्कराला गेले. उत्तरेकडच्या टोकाला पुढे मरीन ड्राइव्ह झाला.

नरीमन यांच्यासाठी गोष्ट इथे संपली नाही. त्यांनी खात्यातल्या हार्वे या इंजिनिअरवर नाव घेऊन गैरकारभाराचे आरोप केले होते. हार्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. कौन्सिलात बोलणे सोपे, तिथे संरक्षण असते. बाहेर बोललेले कोर्टात सिद्ध करावे लागते. हरले असते तर वकिली गेली असती, नाव गेले असते, कदाचित तुरुंगही दिसला असता. खटला पुष्कळ लांबला. मुंबईच्या वर्तमानपत्रांतून लोक तो एखाद्या कादंबरीच्या प्रकरणांसारखा वाचत होते. अखेर नरीमन निर्दोष सुटले. मुंबईकरांच्या तोंडी वीर ही पदवी रुळली, तिच्यामागे हा खटला मोठा आहे.

यात एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. लॉईड हे काही नुसते उधळे गव्हर्नर नव्हते. सिंधमध्ये सक्करला सिंधू नदीवर जो बंधारा १९३२ मध्ये सुरू झाला, तोही त्यांच्याच पुढाकाराचा, आणि त्याने लाखो एकर जमीन भिजवली. तिथे नदीची पाहणी आणि आराखड्यांची चर्चा कित्येक वर्षे आधीपासून चालली होती. एकाच माणसाची एकाच काळातली दोन धाडसे. एक उभे राहिले, एक खचले. धाडस दोन्हीकडे सारखे होते. फरक पडला तो पायाखाली काय आहे, हे आधी किती पाहिले होते त्यात.

पुढची दहा वर्षे नरीमन यांच्या वैभवाची. सायमन कमिशनवर बहिष्कार पडला तेव्हा मुंबईतल्या तरुणांच्या पुढाऱ्यांत ते होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांना अटक झाली, पुढेही तुरुंगवास घडला. मुंबई प्रांतिक काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. १९३५-३६ मध्ये मुंबईचे महापौर झाले. पक्षात राहूनही प्रश्न विचारण्याची खोड गेली नव्हती. गांधीजींच्या मार्गावर टीका करणारे पुस्तक त्यांनी लिहिले ते याच काळात.

१९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या, काँग्रेस जिंकली. मुंबईचे मुख्यमंत्रीपद, तेव्हाच्या भाषेत पंतप्रधानपद, नरीमन यांना मिळणार असे पुष्कळांना वाटत होते. निवड झाली बाळासाहेब खेर यांची. नरीमन यांना हा अन्याय वाटला आणि सरदार पटेलांनी आपल्याविरुद्ध वजन टाकले अशी त्यांनी उघड तक्रार केली. पुन्हा चौकशी मागितली. महात्मा गांधी आणि बहादूरजी या कायदेपंडितांनी कागद तपासले आणि निकाल नरीमन यांच्या विरुद्ध गेला. नरीमन यांनी आधी तो मान्य केला, नंतर मान्यता मागे घेतली. काँग्रेसच्या कार्यकारिणीने त्यांना जबाबदारीच्या पदासाठी अपात्र ठरवले. मौलाना आझादांनी आपल्या आत्मचरित्रात मात्र नरीमन यांच्यावर अन्याय झाला असे नमूद केले आहे.

इथे कोण बरोबर होते यावर आजही दोन मते होतील. चिखल मोजता येतो. माणसांच्या मनात कोणाचे वजन कुठे पडले, ते मोजायला दोरी नाही. ज्या हट्टाने बॅक बेचा हिशेब मागितला तोच हट्ट इथे त्यांच्या अंगावर आला. परक्या सरकारला प्रश्न विचारणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात, घरच्यांना प्रश्न विचारणारा एकटा पडतो. पुढे ते सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉककडे वळले. पण पूर्वीचे स्थान परत मिळाले नाही. १९४८ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्य पाहायला मिळाले, स्वतंत्र मुंबईचा कारभार मात्र त्यांना करता आला नाही.

आणि मग काळाने एक गंमत केली. १९२६ नंतर सोडून दिलेल्या भागांपैकी काहींवर १९६० आणि ७० च्या दशकांत पुन्हा भराव पडला. उंच इमारती उभ्या राहिल्या, देशातल्या सर्वांत महाग जमिनींत तिची गणना होऊ लागली. समुद्रात भर घालून काढलेल्या त्या टोकाला नाव दिले गेले नरीमन पॉइंट. ज्या माणसाने त्या भरावाचा हिशेब मागितला त्याच माणसाचे नाव भरावाला! कोणी याला विसंगती म्हणेल. मला तो मान वाटतो. त्यांचा विरोध जमीन काढण्याला नव्हता, डोळे मिटून पैसा ओतण्याला होता.

हे आज आठवण्याचे कारण आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात खाड्यांच्या तोंडाशी कितीतरी लहान बंदरे आहेत. दर पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, समुद्र वाळू ढकलतो आणि खाडीच्या मुखाशी दांडा तयार होतो. भरतीची वाट पाहत होड्या बाहेर ताटकळतात. मग गाळ काढण्याची मागणी होते, निधी येतो, यंत्र येते. आता शिशाच्या दोरीची जागा ध्वनिलहरींनी खोली सांगणाऱ्या यंत्राने घेतली आहे. उपग्रहावरून जागा कळते, संगणक नकाशा काढतो. आपल्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात बंदरांच्या लहान प्रतिकृती करून पाणी आणि गाळ कुठे जाईल तेही पाहतात. साधने बदलली, प्रश्न तेच आहेत. उपसण्याआधी मोजले का? भरतीचा हिशेब धरला का? तळ मऊ आहे की कठीण? उपसल्यानंतर त्याच ठिकाणी पुन्हा मोजले का? काढलेला गाळ टाकला कुठे, आणि पुढच्या भरतीला तो परत तर येणार नाही?

आधीचा नकाशा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवला की गाळ खरोखर किती निघाला ते कळते. या दोन कागदांसाठी इंजिनिअर असावे लागत नाही. ते ग्रामपंचायतीच्या सभासदाने मागावेत, मच्छीमार सोसायटीने मागावेत. खाडीवरच्या तांडेलाला तर नकाशाचीही गरज नसते. होडी कुठे टेकते ते त्याला ठाऊक असते, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन मुंबईला गेलात आणि संध्याकाळी नरीमन पॉइंटच्या कठड्यावर बसलात, तर शेंगदाण्याच्या पुड्या सुटता सुटता त्यांना एवढे जरूर सांगा, की हे एका वकिलाचे नाव आहे आणि त्याने इथल्या चिखलाचा हिशेब मागितला होता. मुले बहुधा विचारतील, मग हिशेब लागला का? सांगावे, ४४० एकरांपुरता लागला.